म्हसोबाच्या पटांगणातली लॉरी आणि सुनंदाचा ड्रोन

निवृत्त होऊन पालीत परत आल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. राजगड चढायला आलेली पोरं चहाच्या टपरीवर विचारतात, "काका, तुम्ही म्हणे अणुबॉम्बवर पहारा द्यायचात?" गावातली म्हातारी माणसं विचारतात, "व्हय रं, त्यो अणू दिसतो तरी कसा?" पोरांना सांगतो, बॉम्ब मी बापजन्मात पाहिला नाही. म्हाताऱ्यांना सांगतो, अणू दिसत नाही, म्हणून तर त्याच्यावर माणूस बसवावा लागतो. दोघांचाही विरस होतो.

माझे वडील गडाच्या पलीकडच्या धनगरवाड्यावर गुरं राखायचे. मी अणूचं सामान राखलं. आईला त्यात कधी फार फरक वाटला नाही. सुट्टीवर आलो की ती विचारायची, "समदी जित्राबं जाग्यावर हायेत न्हवं?" मी "हायेत" म्हणायचो आणि ती भाकरी थापायला लागायची.

संपादकांनी "काहीतरी सनसनाटी द्या" असं कळवलंय. सनसनाटी दिलं तर माझी पेन्शन थांबेल, त्यामुळे वाचकांनी तेवढं सोसावं. कुठल्या केंद्रावर होतो, किती जण होतो, पाळी कधी बदलायची, यातलं काही सांगणार नाही. ज्यात माझ्याइतकाच म्हसोबाचा आणि वरव्याकडच्या बायकांचा हात होता, ती गोष्ट मात्र सांगतो.

आधी धंदा समजून घ्या. अणूचं सामान म्हटलं की लोकांना धुराची छत्रीच दिसते. प्रत्यक्षात बरंचसं सामान साध्या कामाचं असतं. दवाखान्यात कॅन्सरवर किरणं देणारं यंत्र असतं, त्यात कोबाल्टचा एक तुकडा असतो. तुकडा बोटाएवढा, पण तो न्यायला शिशाचं एवढं जाड पिंप लागतं की त्यासाठी लॉरी करावी लागते. पिंप लॉरीवरून पडलं तर रस्ता फुटेल, पिंप फुटणार नाही. त्यामुळे अपघाताची आम्हाला एवढी धास्ती नसते. धास्ती असते ती चोराची आणि चोरापेक्षाही बघणाऱ्याची. कारण चोर येण्याआधी कुणीतरी बघून गेलेलं असतं.

माझ्या उमेदीच्या काळात बघणारा जमिनीवरून यायचा. म्हणून आमची भिंत, तार, फाटक, कुत्री, सगळं जमिनीवर. वर आभाळ होतं आणि ते सरकारी आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मग ड्रोन आले आणि आमच्या भिंतीला आभाळाएवढं भगदाड पडलं. लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर जे भुणभुणतं तेच यंत्र तारेवरून आत आलं, तर पहारेकरी कुठं उभा आहे, दिवा कुठं नाही, हे दोन मिनिटांत टिपून नेईल. छोट्या ड्रोननं अणुभट्टीचा काँक्रीटचा घुमट फुटत नाही, वर्तमानपत्रं काही म्हणोत. पण आत काहीतरी टाकणं, पहाऱ्याची नजर एका बाजूला वळवून दुसऱ्या बाजूनं माणूस घुसवणं, हे त्याला सहज जमतं. आयुष्यभर समोर बघायला शिकलेले आम्ही, नोकरीच्या शेवटाला मान वर करायला शिकलो. निम्म्या जवानांची मान धरली. पहिले काही महिने तर आम्ही घारींवरच दुर्बिणी रोखत होतो. एका घारीची नोंद आम्ही तीनदा "संशयास्पद" म्हणून केली, शेवटी तिचं घरटं पाण्याच्या टाकीवर सापडलं.

यंत्रं आमच्या बाजूनंही आली, हे सांगायला हवं. गाड्यांच्या पोटाखाली सरपटत जाऊन तपासणी करणारं, कॅमेरा लावलेलं एक चपटं यंत्र आम्हाला मिळालं. जवानांनी त्याचं नाव ठेवलं घोरपड. मोठ्या साहेबांसमोर पहिलं प्रात्यक्षिक होतं, तेव्हा फाटकावरच्या भटक्या कुत्रीनं घोरपडीला तोंडात धरून पळ काढला. पुढं साहेब, मागं आम्ही, अशी वरात निघाली. पुढं त्याच घोरपडीनं माझ्या जवानांना किती तरी गाड्यांखाली पाठ घासत शिरण्यापासून वाचवलं. म्हणून यंत्राला मी नावं ठेवत नाही.

आता मूळ गोष्ट.

श्रावणातली उघडीप होती. दवाखान्यासाठी कोबाल्ट घेऊन आम्ही पुण्याच्या महामार्गानं निघालो होतो. पुढं जीप, मध्ये लॉरी, मागं माझी जीप आणि सोबत पोलिसांची गाडी. नसरापूर-वरव्याच्या पट्ट्यात लॉरीच्या मागच्या चाकातून धूर यायला लागला. ब्रेक जाम झाला होता. महामार्गावर थांबणं म्हणजे उघड्यावर पंगत मांडणं. पोलिसांच्या ड्रायव्हरनं आतल्या रस्त्याला एक टणक, मोकळं पटांगण दाखवलं. कडेला म्हसोबाचं ठाणं, शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याचं छप्पर. तीन बाजूंना ऊस आणि भात. माणूस नाही. मी मनात म्हटलं, वा! लॉरी आत घेतली, जवान भोवती गोल उभे केले, मेकॅनिक चाकाखाली घुसला.

पाच मिनिटं झाली नसतील, उसाच्या मागून आवाज आला. लग्नातल्या ड्रोनसारखा पातळ नाही, चांगला दणदणीत. पाठोपाठ उसाच्या शेंड्यांवरून तो वर आला. वासराएवढा ड्रोन, सहा पंखे, मध्ये टाकी. सरळ आमच्याकडे निघालेला.

"साहब, नीचे कुछ काला लटक रहा है," कुलदीप ओरडला. कुलदीप हा माझा हरियाणाचा जवान. ड्रोनला अडवणारं यंत्र त्याच्या खांद्यावर असायचं. दिसायला बंदूक, पण गोळी नाही. आम्ही त्याला पिचकारी म्हणायचो.

पिचकारी कशी चालते ते दोन वाक्यांत सांगतो. ड्रोनला दोन अदृश्य दोऱ्या असतात. एक उडवणाऱ्याच्या हातातल्या रिमोटची, दुसरी वरच्या उपग्रहांची, जिच्यामुळे आपण कुठं आहोत हे त्याला कळतं. पिचकारीनं पहिली दोरी तोडली, की शहाणा ड्रोन जिथून उडाला होता त्या जागी आपणहून परत जातो. वडील म्हणायचे, चुकलेलं जनावर हाकू नये, मोकळं सोडावं, ते दावणीला जातं आणि मालकाचं घर दाखवतं. आमची पद्धतही तीच. पाडायचा नाही, घरी जाऊ द्यायचा, आणि मागोमाग माणूस पाठवायचा. दुसरी दोरीही तोडली तर मात्र तो आंधळा होतो, वाऱ्यानं भरकटतो आणि कुठंही कोसळतो.

"पहिली तोड," मी म्हटलं.

कुलदीपनं पिचकारी रोखली. आता हा उलटा फिरणार म्हणून मी दोन जवानांना मागं धावायला तयार ठेवलं. पण तो फिरला नाही. आणखी सरळ, आणखी नेमानं आमच्याकडे आला आणि बरोबर लॉरीच्या डोक्यावर येऊन थांबला. मग खाली उतरायला लागला. लॉरी जवळ आली तसा बिचकून वर गेला. पुन्हा खाली. पुन्हा वर. माझ्या नोकरीत मी असलं कधी पाहिलं नव्हतं. पिचकारी मारावी तसा हा जास्तच चिकटत होता.

दुर्बीण लावली. खाली लटकणारं काळं म्हणजे काळी बाहुली आणि लिंबू-मिरची होती. जीव जरा भांड्यात पडला, पण जराच. काळी बाहुली बाजारात कुणालाही मिळते, दुश्मनालासुद्धा.

तेवढ्यात वरून थेंब पडले. किरणं मोजणारे आमचे मोडक लॉरीशेजारी उभे होते, त्यांच्या टकलावर. "अरे, फवारतोय! काहीतरी फवारतोय!" मोडक ओरडले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरले. सगळे जवान रुमालानं तोंड झाकायला लागले. कुलदीपची बोटं दुसऱ्या बटणावर. "साहब, दूसरा भी दबाऊँ? गिरा दूँ?"

मोठ्या अधिकाराच्या जागेवर माणसाला लोक समजतात तेवढं सुचत नाही. पाडावा तर तो लॉरीवर पडणार, नाही तर माझ्याच जवानांवर, ते धारदार पंखे फिरत असताना. न पाडावा तर उद्या विचारणार, डोक्यावर घिरट्या घालत होता तरी बघत बसलात?

आणि मला वास आला. कडू, उग्र, ओळखीचा. निंबोळीचा अर्क. आमच्या पालीत भातावर हेच मारतात. मोडकांचा हात बाजूला सारून त्यांच्या टकलाला मी नाक लावून खात्री केली. त्यांनी ते अजून विसरलेलं नाही.

वास घेताना मान खाली गेली म्हणून जमीन दिसली. आल्यापासून आम्ही ऊस पाहिला, रस्ता पाहिला, आभाळ पाहिलं. पायाखाली कुणी पाहिलं नव्हतं. लॉरीच्या पुढच्या चाकाशी ताजा फुटलेला नारळ होता, पाणी अजून मातीत ओलं. शेजारी हळद-कुंकू, अर्धी रांगोळी चाकाखाली, आणि रांगोळीच्या आत चौकोनात पायांचे ठसे. हे माणसाचे पाय नव्हते. नळ्यांचे गोल ठसे होते.

डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्या ड्रोनला घरी जा म्हणून आम्ही हाकलत होतो, आणि त्याचं घर म्हणजे ही जागा. आम्हीच त्याच्या दावणीत लॉरी उभी केली होती.

त्याच वेळी उसाच्या बांधावरून एक बाई धावत येताना दिसली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर टोपी, गळ्यात रिमोट. पोलिसांनी तिला पटांगणाच्या तोंडाशीच अडवलं. ती तिथूनच ओरडत होती, "आवं, माझं यंतर सोडा! हातातच घेईना झालंय! बॅटरी सपली की पडंल त्ये! लोकांच्या डोस्क्यात पडंल!"

आता खरा पेच. तिच्या हातात ड्रोन द्यायचा तर पिचकारी बंद करायला हवी. पिचकारी बंद करायची म्हणजे, शिशाच्या पिंपाच्या डोक्यावर असलेलं यंत्र एका अनोळखी बाईच्या ताब्यात देऊन आपण हात बांधून उभं राहायचं. ती खोटी असेल तर तिला हवं होतं ते मीच आयतं दिलं.

"कुलदीप, पिचकारी बंद."

"साहब?"

"बंद कर."

त्यानं बंद केली. रिमोट जोडला जायला थोडा वेळ लागतो, तो वेळ फार लांबला. मग ड्रोन थरथरला, थेट वर उचलला गेला, आम्हाला आणि पोलिसांच्या गाडीला वळसा घालून, भाताच्या खाचरावरून पार पलीकडच्या मोकळ्या बांधावर जाऊन अलगद बसला. पंखे थांबले. मोडक डोक्यावरचे हात काढायला विसरले होते.

बाईचं नाव सुनंदा. वरव्याकडच्या एका बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला होता, आणि प्रशिक्षण घेऊन रीतसर परवाना मिळवलेली गटातली ती एकटी. गावातल्या पुरुषांनी आधी भरपूर चेष्टा केली होती. "बाया आता इमान उडवणार!" म्हणून पारावर हसले होते. मग तेच आपलं भात फवारून घ्यायला रांग लावून उभे राहिले. गटाचा एक नेम होता. दिवसाचं पहिलं उड्डाण म्हसोबाच्या पायापासून. नारळ फोडायचा, रांगोळीत ड्रोन ठेवायचा, तिथूनच उडवायचा आणि स्वतः बांधावर जायचं. त्या दिवशीही तसंच झालं. ती उसाआड गेली, आम्ही लॉरी घेऊन आलो, आणि टाकी रिकामी होत आल्यावर तिनं "घरी ये"चं बटण दाबलं.

एव्हाना गटातल्या बाकीच्या बायकाही जमल्या होत्या. सुनंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घाबरलेली होती, पण रागानं भीतीवर मात केली होती.

"तुमी आमच्या देवाच्या दारात गाडी लावली, न इचारता. आन् वर आमालाच चोर धरताय व्हय?"

"चोर नाही म्हणत ताई. पण चौकशी करावी लागेल."

"काय हाय तरी काय गाडीत?"

हे सांगायला मला परवानगी नव्हती. पण खोटं बोलायचीही लाज वाटली. "औषध आहे," मी म्हटलं. "दवाखान्यात चाललंय."

तिनं लॉरीकडे पाहिलं, मग जवानांच्या बंदुकांकडे. "आमच्या टाकीत बी औशिदच हाय. आमी न्हाई बंदुका लावल्या."

फौजदार आले. त्यांनी ड्रोन ताब्यात घ्यायचा म्हटलं. त्यांचंही बरोबर होतं, यंत्राच्या पोटातली नोंद तपासल्याशिवाय सोडता येत नाही. हे ऐकल्यावर गटातली सगळ्यात वडीलधारी, पारूआत्या, चिखलातून बांधावर गेली आणि ड्रोनला टेकून बसली. तिच्यामागून बाकीच्या. पटांगणात लॉरीभोवती माझे जवान गोल उभे, आणि बांधावर ड्रोनभोवती बायका गोल बसलेल्या. दोन्ही पहारे एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. खरं सांगतो, शिस्तीत त्यांचा गोल सरस होता. आमच्यातले दोघं तर त्यांनी पाठवलेला चहा प्यायले.

मेकॅनिकनं चाक मोकळं केलं आणि आम्हाला निघावं लागलं. निघताना सुनंदाचा राग गेला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "साहेब, येकदा का पोलिसांत गेलं की परवाना बी जाईल. आन् पारावरचे म्हंतील, बघा, बाया उडवाय गेल्या आन् फौजदारी करून आल्या. पुना कंच्या बाईच्या हातात कोण यंतर देईल?"

मी नुसतं बघतो म्हटलं. सरकारी माणसाच्या "बघतो"ला किती वजन असतं हे तिला ठाऊक होतं. शेवटी पारूआत्या उठली आणि ड्रोन पोलिसांच्या टेम्पोत चढला. कोबाल्ट संध्याकाळच्या आत दवाखान्यात पोचलं.

पुढं माझी चौकशी लागली, लागायलाच हवी होती. श्रावण सरत आला होता, भातावर कीड चढायला लागली होती, आणि चौकशी चालू आहे हे किडीला कोण कळवणार? तीन अधिकारी समोर बसले होते. मधल्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही जॅमर बंद केलात, त्या क्षणी ती बाई निर्दोष असल्याची तुमची खात्री होती का?"

होती म्हणालो असतो तर माझं भागलं असतं. नारळ होता, रांगोळी होती, वास होता. पण ते सगळं कुणी मुद्दाम मांडूही शकतं, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवलेलं होतं.

"नव्हती साहेब."

डावीकडच्यांनी ते लिहून घेतलं.

"मग?"

"साहेब, मी पिचकारी बंद केली तेव्हा ते यंत्र आमच्या डोक्यावर होतं आणि सगळ्या नाड्या तिच्या हातात होत्या. मला काहीही करता येत नव्हतं. तिला वाईट करायचं असतं तर त्याहून सोपी वेळ आयुष्यात मिळाली नसती. तिनं काय केलं? माझ्या माणसांवरून उचलून ते लांब नेलं, भातावर कोसळलं असतं तरी चाललं असतं अशा वाटेनं नेलं. नोंद काढून बघा. माझी चूक धरायची तर जरूर धरा. पण त्या बाईची परीक्षा त्या पटांगणात झालेली आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पुन्हा घ्यायची गरज नाही."

नोंद काढली गेली. उड्डाण म्हसोबाच्या पटांगणातून, परतीचं ठिकाण तेच, आणि शेवटचा वळसा माणसं चुकवून. मला लेखी समज मिळाली, ती मी घरी नीट ठेवलीय. थांबण्याची जागा निवडताना आधी जमीन बघा, आणि तिथला नेम काय आहे ते कळत असेल तर बघा, अशी एक सूचनाही निघाली. आमची खंत अशी की गावाला आम्ही काही सांगू शकत नाही. अमुक दिवशी येतोय, जपा, असं म्हणता येत नाही. मग गावाची माहिती आम्हालाच ठेवावी लागते, आणि ती कुठल्या यंत्रात भरून मिळत नाही. आजकाल प्रत्येक वाडीत एखादं तरी उडणारं यंत्र असतं, कुणाचं लग्नाचं, कुणाचं फवारणीचं. त्यातलं एखादं उद्या खरंच वाईट हेतूनं येईल, ही भीती काल्पनिक नाही. मला अजूनही भुणभुण ऐकू आली की आधी मान वर जाते.

भाद्रपदात एका सकाळी मोबाईल वाजला. नंबर अनोळखी. मागं बायकांचा गलका, नारळ फुटल्याचा आवाज.

"साहेब, म्या सुनंदा. आलं यंतर घरला! परवाना बी हाय तसा हाय. फौजदार सोता घिऊन आले, तुमचा नंबर बी त्येंनीच दिला." मग आवाज जरा खाली आला. "समद्या म्हंत्यात, आदी साहेबास्नी इचार. उडवू का?"

इतकी वर्षं मी "थांब", "अडव", "तोड" एवढंच म्हणण्याचा पगार घेतला होता. परवानगी मागायला माझ्याकडे कुणी आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी उत्तर ठरलेलं होतं. पलीकडे त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"उडव बाई," मी म्हटलं, "उडव."